राबणारे हात, नोंदीतली नावे : मध्य केनियाच्या शेतीतील स्त्रीश्रमाचा इतिहास

माउंट केनिया या शिखराच्या दक्षिण उतारापासून अबरडेअर पर्वतरांगेच्या पूर्वेकडील पायथ्यापर्यंत पसरलेल्या न्येरी, मुरांगा आणि किआंबू या डोंगराळ टापूत वर्षातून दोनदा पाऊस पडतो. मार्च ते मे या काळातील मोठ्या पावसावर आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमधील लहान पावसावर तेथील तांबड्या, खोल मातीत दोन हंगाम निघतात, आणि त्यामुळे पेरणी, खुरपणी व काढणी या कामांना वर्षभरात फारशी उसंत मिळत नाही. या कामांचा मोठा वाटा किकुयू समाजातील स्त्रियांनी पिढ्यानपिढ्या उचलला आहे. डॅनिश अर्थशास्त्रज्ञ एस्टर बोसरुप यांनी आर्थिक विकासातील स्त्रीच्या भूमिकेविषयी 1970 मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेला त्यांनी स्त्रियांच्या शेतीचा प्रदेश मानले आणि वसाहतींच्या प्रशासनाने पुरुषालाच शेतकरी समजल्यामुळे नवी पिके, नवे तंत्र व रोख पैसा पुरुषांच्या हाती गेला, असे प्रतिपादन केले. मध्य केनियाचा इतिहास या प्रतिपादनाला आधार देतो आणि त्यात भरही घालतो. विसाव्या शतकात तेथील शासनाने कर, मजुरी, जमीन आणि नगदी पीक यांच्या ज्या नोंदी सुरू केल्या, त्या प्रत्येकीत स्त्रीचे श्रम गृहीत धरले गेले आणि नाव दुसऱ्याचे लागले. तथापि असे घडत असताना त्या स्त्रिया गप्प बसल्या नाहीत, कोणत्या कामाला आणि कोणत्या अटीला आपला विरोध आहे हे त्यांनी वेळोवेळी स्पष्टपणे सांगितले.

वसाहतपूर्व व्यवस्था

एकोणिसाव्या शतकातील किकुयू समाजात जमीन म्बारीकडे, म्हणजे एका मूळ पुरुषापासून उतरलेल्या कुळाकडे असे, आणि कुळाच्या अशा वतनाला गिथाका म्हणत. विवाहानंतर स्त्रीला पतीच्या कुळाच्या जमिनीतून तिच्या स्वतःच्या वहिवाटीचे तुकडे मिळत. बहुपत्नीक कुटुंबात प्रत्येक पत्नीची झोपडी वेगळी, शेत वेगळे आणि धान्याची कणगीही वेगळी असे. जंगल तोडणे, जड जमीन पहिल्यांदा फोडणे आणि कणग, केळी, ऊस यांसारखी पिके लावणे ही पुरुषांची कामे समजली जात, तर घेवडा, रताळी, नाचणीसारखी भरड धान्ये आणि पुढे मका यांची पेरणी, खुरपणी, काढणी व साठवण स्त्रियांकडे असे. आपल्या कणगीतील धान्याचा विनियोग स्त्री स्वतः ठरवी आणि घरच्या गरजेपेक्षा अधिक पिकलेले धान्य बाजारात नेण्याचा अधिकारही तिचा असे. किकुयू आणि शेजारचे पशुपालक मसाई यांच्यात वैर चालू असतानाही स्त्रियांचे व्यापारी तांडे दोन्हीकडे सुरक्षितपणे ये-जा करीत आणि धान्याच्या बदल्यात कातडी व पशुधन आणीत. खुरपणीच्या दिवसांत स्त्रिया न्ग्वातिओ या पद्धतीने एकमेकींच्या शेतात पाळीपाळीने राबत. महाराष्ट्रातील शेतकरी ज्याला सावड म्हणतात तशीच ही परतफेडीच्या श्रमाची रीत होती.

या व्यवस्थेला समतेचे सुवर्णयुग मानणे चुकीचे ठरेल, कारण जमिनीवरील स्त्रीचा अधिकार विवाहाच्या नात्यातून येई, मुलीला पित्याच्या जमिनीत वारसा नसे आणि कुळाच्या सभेत निर्णय वडीलधारे पुरुष घेत. असे असले तरी तिचा अधिकार व्यवहारात पक्का होता, आणि तो टिकवण्याच्या सोयीही रूढीतच होत्या. पुत्रहीन विधवेला दुसऱ्या स्त्रीशी रीतसर विवाह लावून, तिच्या मुलांना दिवंगत पतीचे वारस ठरवून जमीन राखता येत असे. जमीन नसलेल्या कुटुंबांना अहोई म्हणून, म्हणजे विनंतीवरून कसण्याची परवानगी मिळालेले लोक म्हणून, दुसऱ्या कुळाच्या जमिनीवर पिके घेता येत. एकाच जमिनीवर अनेकांचे निरनिराळे हक्क एकावर एक रचलेले असत, आणि ते कागदावर नसून नात्यांत, साक्षीदारांत व रोजच्या कसण्यात टिकून असत. पुढील साठ वर्षांत नेमकी हीच रचना मोडली गेली.

करपट्टी आणि मजुरीचा दाखला

मोंबासा ते व्हिक्टोरिया सरोवर हा लोहमार्ग 1901 मध्ये पूर्ण झाला आणि त्यावर झालेला खर्च वसूल व्हावा म्हणून गोऱ्या मळेवाल्यांना डोंगराळ प्रदेशात वसवण्याचे धोरण ब्रिटिश सरकारने स्वीकारले. 1902 आणि 1915 च्या सरकारी जमीनविषयक कायद्यांनी विस्तृत प्रदेश राजसत्तेच्या मालकीचा ठरवला आणि दुसऱ्या कायद्याने मळेवाल्यांना 999 वर्षांचे पट्टे देऊ केले. किआंबूतील अनेक म्बारींच्या जमिनी अशा रीतीने कॉफीच्या मळ्यांत गेल्या. मळ्यांना मजूर मिळावेत आणि प्रशासनाचा खर्चही निघावा, यासाठी झोपडीकर बसवण्यात आला. तो रुपयांत भरावा लागे, कारण हिंदुस्थानशी असलेल्या व्यापारामुळे आणि प्रशासकीय संबंधांमुळे ब्रिटिश पूर्व आफ्रिकेचे चलन 1920 पर्यंत रुपयाचेच होते. हा कर माणशी नसून झोपडीगणिक होता आणि प्रत्येक पत्नीची झोपडी स्वतंत्र असल्याने ज्याच्या घरी तीन पत्नी त्याच्यावर तीन झोपड्यांचा कर बसे. अशा प्रकारे स्त्री शासनाच्या नोंदीत प्रथम आली ती पतीच्या नावावरील कराचे एकक म्हणून. कर भरण्यासाठी पुरुष मळ्यांवर आणि नैरोबीत मजुरीला गेले की त्यांच्या वाट्याची शेतीची कामेही मागे राहिलेल्या स्त्रियांवर पडत. पहिल्या महायुद्धात लष्करी सामान वाहण्यासाठी हजारो पुरुषांची सक्तीने भरती झाली, त्यांतील असंख्य परतले नाहीत, आणि 1918 मध्ये अवर्षण व इन्फ्लुएन्झाची साथ एकाच वेळी कोसळली, तेव्हा हा भार आणखी वाढला.

युद्धानंतर मजुरांची टंचाई भासू लागली, तेव्हा गव्हर्नर सर एडवर्ड नॉर्थी यांनी ऑक्टोबर 1919 मध्ये एक परिपत्रक काढले. त्यानुसार सरकारी अधिकारी व त्यांनी नेमलेले स्थानिक मुखिया यांनी मळ्यांना मजूर मिळवून देण्यासाठी आपले सर्व वजन वापरायचे होते, आणि जवळपासच्या मळ्यांवर स्त्रिया व मुले यांनाही कामाला जाण्यास प्रोत्साहन द्यायचे होते. मुखियाच्या तोंडून आलेले प्रोत्साहन गावपातळीवर हुकूमच ठरे. कॉफीची फळे पिकण्याच्या हंगामात मुली आणि विवाहित स्त्रिया मळ्यांवर धाडल्या जाऊ लागल्या, कित्येकींना रात्री तेथेच काढाव्या लागल्या, आणि पहारेकरी व मुकादम यांच्याकडून होणाऱ्या अत्याचारांच्या तक्रारी गावोगावी पसरल्या. याच सुमारास सोळा वर्षांवरील आफ्रिकी पुरुषांना किपांडे बाळगणे सक्तीचे झाले. किपांडे म्हणजे बोटांचे ठसे, मालकाचे नाव, कामाचा काळ व मजुरी यांची नोंद असलेला कागद, आणि तो धातूच्या डबीत घालून गळ्यात अडकवावा लागे. पुरुषांना तो अपमानाचे चिन्ह वाटला आणि तो तसा होताच. स्त्रियांना किपांडे नव्हता. त्यामुळे हा अपमान त्यांच्या वाट्याला आला नाही, पण त्यांच्या मळ्यांवरील कामाचा लेखी मागमूसही उरला नाही. तोडलेल्या फळांच्या डब्यामागे ठरलेले पैसे हातावर टेकवले की मालकाची जबाबदारी संपे, आणि ही नोंद नसलेली हंगामी मजुरी पुढे कित्येक दशके स्त्रीच्या मळ्यावरील कामाचे सर्वसाधारण रूप बनून राहिली.

मार्च 1922

नैरोबीत टेलिफोन कर्मचारी म्हणून काम करणारे हॅरी थुकू यांनी 1921 मध्ये ईस्ट आफ्रिकन असोसिएशन ही संघटना उभारली. वाढलेला कर, किपांडे, मजुरीत झालेली कपात आणि जमिनीची असुरक्षितता यांबरोबरच स्त्रिया व मुलींना सक्तीने मळ्यांवर नेण्याची प्रथा हा तिच्या तक्रारींतील ठळक मुद्दा होता. त्याच वर्षी लंडनमध्ये वसाहतमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी खाजगी मळ्यांसाठी सरकारी अधिकाऱ्यांनी मजूर भरती करू नये असे कळवले. त्यामागे मिशनरी आणि ब्रिटनमधील टीकाकार यांचा दबाव होता, तसेच केनियात उसळलेला असंतोषही होता. थुकू यांना ग्रामीण स्त्रियांचा पाठिंबा मोठा होता, आणि आपल्या बाजूने उघडपणे बोलणारा पुढारी म्हणून त्यांच्यावर त्या स्त्रियांनी गाणीही रचली.

14 मार्च 1922 रोजी थुकू यांना अटक झाली आणि नैरोबीतील पोलीस ठाण्यासमोर हजारोंचा जमाव गोळा झाला. 16 मार्च रोजी जमावाच्या वतीने गेलेले शिष्टमंडळ सरकारी अधिकाऱ्यांना भेटून परतले आणि त्याने लोकांना घरी जाण्याची विनंती केली, तेव्हा मुरांगा भागातील मेरी मुथोनी न्यांजिरू या स्त्रीने पुढे होऊन आपले वस्त्र वर उचलले, पुरुषांना आपली वस्त्रे नेसायला आणि त्यांची विजार आपल्याला देण्यास सांगितले, आणि पुढारी आत कोंडलेला असताना ते परत कसे फिरतात असा जाब विचारला. किकुयू रूढीत वयस्क स्त्रीने अशा रीतीने नग्नता दाखवणे हा समोरच्याला दिलेला घोर शाप मानला जाई, आणि त्याचा उपयोग अन्याय असह्य झाल्यावरच होई. जमाव ठाण्याच्या दाराकडे सरकला, पोलिसांनी गोळीबार केला, आणि सरकारी आकड्यानुसार 21 जण ठार झाले. न्यांजिरू त्यांत पहिल्यांपैकी होत्या. केनियाच्या राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात हा प्रसंग सामान्यतः थुकू यांच्या नावाने ओळखला जातो. तथापि स्त्रियांच्या सक्तीच्या शेतमजुरीचा प्रश्न त्याच्या मुळाशी होता, हे ध्यानात घेतल्यावाचून त्या दिवशी पुढे सरसावलेल्या स्त्रीचे धैर्य पुरते समजत नाही.

बांधबंदिस्तीची वेठ

1930 नंतर वसाहत प्रशासनाला जमिनीच्या धुपीची चिंता वाटू लागली. ज्या टापूत लोकसंख्या वाढत होती आणि सभोवतालची जमीन मळेवाल्यांना दिली गेली होती, तेथे पडीक ठेवण्याचा काळ कमी झाला, उतारावर मका वाढला आणि माती वाहून जाऊ लागली. या समस्येचे मूळ जमिनीच्या असमान वाटपात होते. प्रशासनाने मात्र ते आफ्रिकी शेतकऱ्याच्या अज्ञानात शोधले आणि उतारांवर समपातळीत बांध घालून पायऱ्या पाडण्याचा कार्यक्रम हाती घेतला. दुसऱ्या महायुद्धानंतर मुरांगा जिल्ह्यात, ज्याला तेव्हा फोर्ट हॉल म्हणत, प्रत्येक कुटुंबाने आठवड्यातून दोन सकाळी या कामावर हजर राहावे अशी सक्ती झाली. या श्रमदानाला न्ग्वातिओच्या परंपरेचा आधार असल्याचे अधिकारी सांगत. मूळ रीतीत मात्र काम कोणाच्या शेतात आणि केव्हा करायचे हे स्त्रिया आपसांत ठरवीत आणि दिलेला दिवस परत मिळे, तर येथे दिवस मुखिया ठरवी, गैरहजेरीला दंड होई आणि परतफेड कसलीच नसे.

पुरुषांपैकी बरेचजण शहरांत व मळ्यांवर असल्याने बांध घालणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता. ज्या सकाळी त्या बांधावर जात, त्या सकाळी त्यांची स्वतःची खुरपणी राहून जाई, आणि पाणी, सरपण व मुलांचे काम मात्र टळत नसे. जुलै 1947 मध्ये मुरांग्यात झालेल्या मोठ्या राजकीय सभेत स्त्रियांनी हे काम करू नये असे ठरले आणि त्यानंतर काम जवळपास ठप्प झाले. पुढच्या वर्षी, एप्रिल 1948 मध्ये, सुमारे अडीच हजार स्त्रिया जिल्ह्याच्या मुख्य ठाण्यावर नाचत-गात पोचल्या आणि घरची कामेच आपल्याला पुरेशी असल्याने बांधबंदिस्तीत आपण भाग घेणार नाही, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले. जमीन राखण्याचे महत्त्व या स्त्रियांना ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. मिश्र पिके, पालापाचोळ्याचे आच्छादन आणि उतारानुसार पिकांची निवड हे ज्ञान त्यांच्याच रोजच्या शेतीत होते. त्यांचा आक्षेप होता तो आपल्या वेळेवर दुसऱ्याने हक्क सांगण्याला. श्रमाच्या इतिहासात कामाच्या तासांवरील लढे बहुधा कारखान्यांच्या संदर्भात सांगितले जातात. मुरांग्यातील हा विरोधही त्याच परंपरेतला आहे.

आणीबाणी आणि मालकीपत्र

20 ऑक्टोबर 1952 रोजी ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या माउ माउ उठावामुळे केनियात आणीबाणी जाहीर झाली. जंगलातील लढवय्यांना अन्न, औषधे व बातम्या पोचवणाऱ्या स्त्रियांची साखळी तोडण्यासाठी 1954 पासून किकुयू ग्रामीण लोकसंख्येला काटेरी कुंपणाच्या आणि पहाऱ्यातील नव्या वस्त्यांत हलवण्यात आले; दीड वर्षाच्या आत दहा लाखांहून अधिक माणसे आठशेहून अधिक वस्त्यांत कोंडली गेली. पुरुष स्थानबद्ध छावण्यांत असल्याने वस्त्यांभोवतीचे आणि जंगलाच्या कडेचे खंदक खणणे, रस्ते तयार करणे आणि पूर्वी नाकारलेली बांधबंदिस्ती करणे ही वेठ मुख्यतः स्त्रियांच्या माथी आली. दिवसाकाठी मोजके तास शेतावर जाण्याची मुभा असे आणि त्यात जे उगवेल त्यावर मुले जगवावी लागत. 1948 मध्ये ज्या कामाला स्त्रियांनी नकार दिला होता, ते आता बंदुकीच्या धाकाने करून घेतले गेले.

याच काळात, म्हणजे समाजाचे असंख्य पुरुष स्थानबद्धतेत आणि स्त्रिया पहाऱ्यात असताना, केनियाच्या जमीनधारणेत सर्वांत मोठा बदल घडवण्यात आला. कृषी खात्यातील अधिकारी रॉजर स्विनर्टन यांनी 1954 मध्ये सादर केलेल्या योजनेनुसार प्रत्येक कुटुंबाचे विखुरलेले तुकडे एकत्र करून एका ठिकाणी द्यायचे, त्याची मोजणी करून एका व्यक्तीच्या नावे कायमचे मालकीपत्र करायचे, आणि मग त्या सुरक्षित मालकाला कॉफी, चहा व दुभत्या गाई यांसाठी कर्ज व सल्ला द्यायचा, असा क्रम होता. तंत्राच्या दृष्टीने या योजनेने बरेच साधले. आफ्रिकी शेतकऱ्यांना तोपर्यंत जवळपास नाकारलेले कॉफीचे पीक खुले झाले आणि पुढील दशकांत अल्पभूधारकांचे उत्पन्न वाढले. परंतु कोणाचा कोणता हक्क हे ठरवणाऱ्या समित्या पुरुषांच्या होत्या आणि मालकीपत्रावर नाव लागले ते कुटुंबप्रमुखाचे. पत्नीची वहिवाट, विधवेचा आधार आणि अहोईंचा कसण्याचा हक्क या सर्वांना नोंदीत रकानाच नव्हता. 1963 च्या नोंदणीकृत जमीन कायद्याने नोंदलेल्या मालकाचा अधिकार निरपवाद ठरवला, आणि 1970 नंतरच्या काही निकालांत न्यायालयांनी असा अर्थ लावला की पहिली नोंदणी झाली की रूढीने चालत आलेले हक्क संपुष्टात येतात. पश्चिम केनियातील ओबिएरो विरुद्ध ओपियो या 1972 च्या खटल्यात नोंदणी एका विधवेच्या नावे होती आणि सवतीच्या मुलांनी रूढीच्या आधारे केलेला दावा न्यायालयाने फेटाळला. नोंदीतील नावाला केवढे सामर्थ्य आले होते हे या निकालावरून दिसते. मात्र असे नाव फार थोड्या स्त्रियांच्या वाट्याला आले होते, आणि इतरांच्या बाबतीत तेच सामर्थ्य त्यांच्या विरुद्ध वापरले गेले, कारण पती आता पत्नीला न विचारता ती कसत असलेली जमीन गहाण टाकू किंवा विकू शकत होता.

हिरवे पीक, दुसऱ्याचे खाते

स्वातंत्र्यानंतर, 1964 मध्ये, केनिया टी डेव्हलपमेंट ऑथॉरिटी ही संस्था स्थापन झाली आणि अल्पभूधारकांच्या चहाची खरेदी, प्रक्रिया व विक्री तिच्याकडे आली. आफ्रिकेतील यशस्वी कृषी संस्थांत तिची गणना होते, आणि केनियाच्या एकूण चहापैकी निम्म्याहून अधिक चहा आज अशा लहान शेतकऱ्यांकडून येतो. चहाचे पीक मात्र श्रमाला सतत बांधून ठेवणारे आहे. दोन पाने आणि एक कळी एवढाच कोवळा शेंडा हाताने खुडायचा, ठरावीक दिवसांनी त्याच झुडपाकडे परत यायचे, आणि पाला कोमेजण्याआधी पाठीवरच्या टोपलीतून खरेदी केंद्रावर पोचवायचा, हे काम वर्षभर चालते आणि कुटुंबांत ते मुख्यतः स्त्रिया करतात. पैसे मात्र नोंदणीकृत उत्पादकाच्या खात्यात जमा होतात. दरमहा मिळणारी मूळ रक्कम आणि वर्षअखेरीस कारखान्याच्या नफ्यानुसार मिळणारा, ज्याला तेथे बोनस म्हणतात तो मोठा हप्ता, दोन्ही त्याच नावाने निघतात. उत्पादकाचा क्रमांक जमिनीच्या मालकीशी जोडलेला असल्याने ते नाव बहुधा पतीचे असते.

कॉफीची कथा याहून वेगळी नाही. 1989 मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करार कोलमडून भाव गडगडले, तेव्हा कॉफीची झाडे उपटण्यास कायद्याची बंदी असूनही मुरांगा भागात अनेक स्त्रियांनी झाडांच्या ओळींमध्ये घेवडा पेरला. कृषी अधिकाऱ्यांना तो बेशिस्तपणा वाटला. ज्या पिकाचा पैसा घरी पोचत नाही त्यावर खर्चायचे श्रम त्या स्त्रियांनी अन्नाकडे वळवले होते, आणि आपल्या हातात असलेला एकमेव निर्णय त्यांनी घेतला होता.

रोख पैशावरचा ताबा मिळवण्याचा दुसरा मार्ग सावडीच्या जुन्या रीतीतूनच निघाला. 1960 नंतर मध्य केनियात स्त्रियांचे गट इतरांच्या शेतात एकत्र मजुरी करून पैसा साठवू लागले आणि पाळीपाळीने एकेका सभासदाच्या घरावर गवताऐवजी पत्रा घालू लागले. पत्र्याला तेथे माबाती म्हणत असल्याने हे गट माबाती गट म्हणून ओळखले गेले. छपरावरून वाहणारे स्वच्छ पाणी साठवता येऊ लागल्याने पाणी वाहण्याचे श्रम कमी झाले. काही गटांनी पुढे जमीन विकत घेतली आणि ज्यांच्या नावे एकटीने जमीन होणे दुरापास्त होते त्या स्त्रिया भागधारक म्हणून नोंदीत आल्या. न्येरीतील इहिथे गावी जन्मलेल्या वांगारी माथाई यांनी 1977 मध्ये सुरू केलेली ग्रीन बेल्ट मूव्हमेंट अशाच ग्रामीण गटांच्या बळावर उभी राहिली. स्त्रिया रोपवाटिका चालवीत आणि जगलेल्या प्रत्येक रोपामागे त्यांना अल्पसा मोबदला मिळे. माती राखण्याच्या ज्या कामाची तीस वर्षांपूर्वी वेठ झाली होती, तेच काम आता स्वेच्छेने, मोबदला घेऊन आणि स्वतःच्या गरजेतून होऊ लागले, हा फरक माथाई यांना 2004 मध्ये मिळालेल्या नोबेल शांतता पुरस्काराइतकाच लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मळे, फुले आणि मजुरीच्या अटी

मध्य केनियाच्या पश्चिमेला, केरिचो भागात 1920 नंतरच्या दशकात ब्रिटिश कंपन्यांनी लावलेले चहाचे मोठे मळे आणि 1970 पासून नैवाशा सरोवराकाठी वाढलेला निर्यातीच्या फुलांचा व्यवसाय यांनी स्त्रियांना थेट वेतनावरची शेतमजुरी दिली. फुलांच्या बागांत तोडणी, प्रतवारी आणि बांधणी ही कामे मुख्यतः स्त्रियांकडे असतात. फेब्रुवारीतील व्हॅलेंटाइन दिन आणि त्यानंतरचा मातृदिन यांच्या आधी युरोपातील मागणी वाढते आणि कामाचे तास लांबतात. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत केनियातील मानवी हक्क व कामगार संघटनांनी वारंवार नूतनीकरण होणारी तात्पुरती नेमणूक, कीटकनाशक फवारलेल्या हरितगृहात लवकर परत पाठवणे आणि पर्यवेक्षकांकडून होणारा लैंगिक छळ हे प्रश्न पुढे आणले. ग्राहकदेशांतूनही दबाव आल्यावर प्रमाणपत्रे, तक्रार समित्या आणि लेखी करार वाढले. 2007 च्या रोजगार कायद्याने समान मूल्याच्या कामाला समान वेतन, तीन महिन्यांची पगारी बाळंतपणाची रजा आणि लैंगिक छळाची व्याख्या या गोष्टी कायद्यात आणल्या.

तरीही फेब्रुवारी 2023 मध्ये बीबीसीने प्रसारित केलेल्या शोधवृत्तांतात केरिचोतील चहाच्या मळ्यांवर काम केलेल्या सत्तरहून अधिक स्त्रियांनी पर्यवेक्षकांकडून लैंगिक शोषण झाल्याचे सांगितले. 1921 मध्ये थुकू यांच्या संघटनेने मांडलेली तक्रार आणि ही तक्रार यांच्यात शंभर वर्षांचे अंतर आहे, पण दोहोंमागील यंत्रणा एकच दिसते. काम द्यायचे की नाही, हलके द्यायचे की जड, आणि तोललेला पाला किती लिहायचा, हे सर्व जेथे एका माणसाच्या मर्जीवर असते आणि काम गमावल्यास दुसरा आधार नसतो, तेथे त्या मर्जीची किंमत शरीराने मोजावी लागते. खुडणीची यंत्रे आल्यापासून मळ्यांवरील हाताने खुडण्याची कामेही कमी होत चालली असून, त्यामुळे पर्याय आणखी आक्रसले आहेत. म्हणूनच मजुरीच्या अटींचा प्रश्न जमिनीच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. जिच्या नावे जमीन आहे, ती स्त्री वाईट मजुरी नाकारू शकते.

कायद्यातील बदल

केनियाचा वारसा कायदा 1972 मध्ये संमत होऊन 1981 मध्ये अमलात आला. त्याने मुलगा व मुलगी यांना तत्त्वतः सारखे मानले, परंतु काही जिल्ह्यांतील शेतजमीन व पशुधन यांना रूढीच्या हवाली केले. 2005 मध्ये रोनो विरुद्ध रोनो या खटल्यात अपील न्यायालयाने स्त्रियांविरुद्धचा भेदभाव दूर करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेत मुलींना जमिनीत मुलांबरोबरीचा वाटा दिला. मुली लग्न होऊन जातील, म्हणून त्यांना कमी द्यावे, हा युक्तिवाद त्याने नाकारला. 2010 च्या राज्यघटनेने जमिनीशी संबंधित कायदे, रूढी व प्रथा यांतील लिंगभेद दूर करणे हे जमीनधोरणाचे तत्त्व ठरवले, आणि 2012 च्या जमीनविषयक कायद्यांनी वैवाहिक घराच्या जमिनीचे व्यवहार जोडीदाराच्या संमतीशी बांधले. 2013 च्या वैवाहिक मालमत्ता कायद्यात पती-पत्नीच्या योगदानाची जी व्याख्या आहे, तिच्यात घरकाम व बालसंगोपन यांच्या जोडीला शेतीतील काम हाही शब्दप्रयोग आहे. करवहीपासून उत्पादक क्रमांकापर्यंत ज्या श्रमाला रकाना नव्हता, त्याला कायद्याच्या भाषेत मालमत्ता निर्माण करणारे योगदान म्हणून स्थान मिळाले, हे या इतिहासातील खरोखर मोठे वळण आहे. मात्र जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की घटनेतील समता म्हणजे आपोआप निम्मा वाटा असे नव्हे आणि प्रत्येकाने आपले योगदान सिद्ध करावे. त्यामुळे जिच्या कामाची कधीच कोठे नोंद झाली नाही, तिच्यावरच पुराव्याचा भार येतो.

या शतकभराच्या वाटचालीतून एक निष्कर्ष ठामपणे काढता येतो. मध्य केनियातील स्त्रीला शेतीत आणण्याची गरज कधीच नव्हती. शेती तिच्याच श्रमावर चालत आली. समतेची खरी कसोटी अशी की कामाचा वेळ, त्याचा मोबदला आणि ज्यावर काम होते ती जमीन यांविषयी निर्णय घेण्याचा तिचा अधिकार लेखी, दाखवता येण्याजोगा आणि न्यायालयात टिकणारा आहे किंवा नाही. पती-पत्नीच्या संयुक्त नावे मालकीपत्र, चहाच्या उत्पादक नोंदणीत आणि बोनसच्या खात्यात पत्नीचे नाव, आणि मळ्यावर पर्यवेक्षकाच्या मर्जीबाहेर ठेवलेली कामवाटपाची व तक्रारीची व्यवस्था, या तीन गोष्टी दिसायला कारकुनी वाटतात. परंतु ज्या नोंदींनी हक्क हिरावले, त्या 1901 ते 1963 या अवघ्या बासष्ट वर्षांत माणसांनीच रचल्या होत्या. न्यांजिरू यांनी 1922 मध्ये आणि मुरांग्यातील स्त्रियांनी 1948 मध्ये त्यांना हरकत घेतली होती, ती आज कायद्याच्या कलमांत उतरली आहे. तिची अंमलबजावणी गावोगावच्या जमीन कार्यालयांत आणि चहाच्या खरेदी केंद्रांवर होणे हे त्या स्त्रियांचे अजून फिटायचे राहिलेले देणे आहे.